मीटर बारा व्होल्ट दाखवतोय, पण दिवा लागत नाही: घरी बांधलेल्या विमानाच्या वायरिंगमधला दोष कसा शोधायचा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पूर्वी टॉवेलचे माग खडखडायचे. आता तिथं दोन सीटचं छोटं विमान उभं आहे. इंजिन बसलंय, पॅनल बसलंय, पंख अजून भिंतीला टेकून चादरीत गुंडाळलेले आहेत. चादर अर्थातच सोलापुरी. विमान माझ्या मित्राचं, वायरिंग माझं. त्याआधी मी वीस वर्षं मागांच्या मोटरी आणि गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं केली.

मागच्या उन्हाळ्यात या विमानाचा लँडिंग लाइट मिणमिणायला लागला. मित्रानं आधी बल्ब बदलला, मग स्विच, मग रिले, आणि शेवटी नवी बॅटरी आणली. दिवा तसाच. मी मीटर घेऊन बसलो. वीस मिनिटांनी सापडलं ते असं: दिव्याची निगेटिव्ह वायर जिथं बॉडीला बोल्टनं आवळली होती, तिथं लगखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, रंगाचा पातळ थर राहिला होता. चार वस्तू बदलून झाल्या, आणि दोष नखाएवढ्या रंगात.

शेडमध्ये पूर्वी मागांची दुरुस्ती बघणारे एक जॉबर मामा होते. माग बंद पडला की नवा कामगार आधी मोटरीला हात घालायचा. मामा ओरडायचे, "काय करायलास बे? धागा कुठं तुटलाय ते बघ की आधी." या लेखात तेच सांगायचंय. वस्तू बदलू नका, मोजा. आणि मोजायचं ते लोड, म्हणजे वीज ओढणारी वस्तू, चालू ठेवून.

अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं, आणि सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून प्रवासी विमानं पुन्हा उडायला लागली, तेव्हापासून आमच्या शेडवर विचारणा करणारी पोरं वाढली आहेत. बरेच जण आयटीआयचे, हात चांगले, पण विमानाच्या वायरिंगला पहिल्यांदाच हात लावणारे. हे त्यांच्यासाठी. एक आधीच सांगतो: आपल्याकडे असं विमान उडवायला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लागते, आणि वायरिंगमधला प्रत्येक बदल नोंदवून जाणकार इंजिनिअरला दाखवावा लागतो. दोष शोधणं तुमचं, "उडवा" म्हणणं त्यांचं.

आधी पंखा

इंजिनासमोरच्या पंख्याला कायम जिवंत समजा. अशा विमानाच्या इंजिनचं इग्निशन बहुतेक वेळा बॅटरीवर अवलंबून नसतं. मॅग्नेटो (इंजिनच्या फिरण्यातूनच ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) असो वा रोटॅक्स इंजिनचं स्वतःचं इग्निशन, ते बंद करायचं म्हणजे त्याची एक वायर बॉडीला टेकवायची. ती वायर तुटली तर स्विच बंद दिसतो आणि इग्निशन चालूच राहतं. गाडीत वायर तुटली तर इंजिन बंद पडतं, इथं उलटं. गाडीच्या कामातून आलेल्या माणसाची चूक नेमकी इथंच होते.

म्हणून मीटरला हात लावण्याआधी तीन गोष्टी: चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, सेल्फच्या रिलेची बारीक कंट्रोल वायर काढून टेप लावलेली, आणि पंख्याच्या वर्तुळात कुणीही नाही. बॅटरी काढायची असेल तर निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी जोडा. हातातली अंगठी, कडं काढून खिशात. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, पण पाना पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये अडकला तर लाल होतो आणि अंगठीही तशीच होते.

हत्यारं

डिजिटल मल्टिमीटर, दोन-तीन मीटर लांबीच्या मगरचिमट्याच्या वायरी, आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे गाडीच्या ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरमध्ये घालून दोन वायरी काढलेल्या. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, आणि म्हणूनच फसवतो. वायरीतल्या एकोणीस तारांपैकी अठरा तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर १२.६ दाखवेल. बल्ब लावला की त्या एका तारेची लायकी कळते.

कंटिन्यूटीचा, म्हणजे वाट सलग आहे का ते सांगणारा, मीटरचा बझर वाजला म्हणून वायर चांगली, हा गैरसमजही इथंच सोडा. बझर त्या एका तारेवरही वाजतो.

शिवाय एक कागद, त्यावर तुमच्या विमानाची सर्किट. नसेल तर आधी काढा. विमान छोटं असल्यानं चित्र एका पानात मावतं: बॅटरीतून मास्टर रिले, तिथून बसबार (सगळ्या वस्तूंना वीज वाटणारी धातूची पट्टी), बसबारवर फ्यूज, फ्यूजनंतर स्विच, मग वस्तू, आणि वस्तूतून निगेटिव्हच्या वाटेनं परत बॅटरी. नवा माणूस अर्धंच चित्र काढतो. पॉझिटिव्हची वाट रंगीत पेननं, आणि निगेटिव्हच्या जागी तीन आडव्या रेघा मारून मोकळा. करंटला जेवढी जायची वाट लागते तेवढीच यायची लागते. ती वाटही खरी काढा: कुठला बोल्ट, कुठली पट्टी, कुठून बॅटरीपर्यंत.

बॅटरीपासून सुरुवात

रात्रभर स्वस्थ ठेवलेली सीलबंद लेड बॅटरी सकाळी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर बाकी काही तपासू नका, आधी चार्ज करा. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर हे आकडे लागू नाहीत. ती भरलेली असताना १३.३ च्या आसपास असते आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत आकडा फारसा हलत नाही.

मग लोड. बॅटरीच्या खांबांवर मीटर धरून सेल मारा, म्हणजे सेल्फनं इंजिन फिरवा. सेल्फची वायर तेवढ्यापुरती परत जोडायची, इग्निशन बंद, मित्र कॉकपिटमध्ये, तुम्ही पंख्याच्या मागे. व्होल्ट साडेनऊच्या खाली कोसळले तर बॅटरी थकली आहे. अकराच्या आसपास टिकून राहिले आणि तरीही सेल्फ सुस्त फिरतोय, तर बॅटरी निर्दोष आहे. व्होल्ट वाटेत कुठंतरी खर्च होत आहेत.

बॅटरी दर पंधरवड्याला उतरत असेल तर मास्टर बंद करून निगेटिव्हमध्ये मीटर अँपिअरवर मालिकेत लावा. ३० मिलिअँपिअर फार वाटत नाहीत. पण वीस दिवसांत ते १४.४ अँपिअर-तास होतात, आणि अशा विमानात बॅटरी असते अठराच्या आसपासची. एकेक फ्यूज काढत जा. आकडा पडला की त्या फ्यूजवर चोर आहे. आमच्याकडे तो यूएसबी चार्जिंगचा सॉकेट निघाला, मास्टरला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेला. जोडणारा मीच.

गळती मोजायची रीत

हे नीट शिका, बाकी सगळं यातून निघतं.

तोच लँडिंग लाइट घ्या. मास्टर चालू, दिवा चालू, जळत असू दे. पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर: १२.५. दुसरं दिव्याच्याच दोन टर्मिनलवर: १०.९. म्हणजे १.६ व्होल्ट वाटेत गळाले. आता मीटरची एक टोकणी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्हवर ठेवा. आकडा येईल तेवढी गळती जायच्या वाटेवर. आमच्या दिव्यात ती ०.२ होती, तीही मास्टर रिले, फ्यूज, स्विच सगळं धरून, त्यामुळे सोडून दिली. मग एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी दिव्याच्या निगेटिव्हवर: १.४. संपलं. स्विच, फ्यूज, रिले, बल्ब सगळे निर्दोष सुटले. मित्रानं बदललेल्या चारही वस्तू त्या दोन मापांनी वाचल्या असत्या.

पुढं टोकणी सरकवत जायची. लगवर, मग बोल्टच्या डोक्यावर, मग शेजारच्या उघड्या ॲल्युमिनिअमवर. लग आणि ॲल्युमिनिअम यांच्यामध्ये अर्ध्या सेंटिमीटरवर आकडा १.३ नं उडाला. दोष तिथंच. एका चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त गळती मी मान्य करत नाही. सेल मारतानाच्या जाड केबलवर मात्र एका बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेतो.

दिवा अजिबातच लागत नसेल तर टोकापासून सुरुवात करू नका, मधोमध करा. स्विचच्या दिव्याकडे जाणाऱ्या टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावा, दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब झगझगीत पेटला तर बॅटरीपासून इथपर्यंत सगळं ठीक, दोष पुढच्या अर्ध्यात. नाही पेटला तर मागच्या. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. चार-पाच मापांत कुठलीही वायर संपते.

अर्थिंग

अर्थिंग म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी निगेटिव्हची वाट. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझी वही याच दोषांनी भरली आहे.

विमानाची बॉडी ॲल्युमिनिअमची असेल तर ती वाट म्हणून चालते, पण ॲल्युमिनिअमवर हवेनं लगेच पातळ थर धरतो आणि तो वीज जाऊ देत नाही. जागा पॉलिश पेपरनं घासून लगेच बोल्ट आवळायचा, आणि आवळल्यावर बाहेरून रंग लावायचा. आधी रंग, मग बोल्ट, असं नाही. फायबरच्या बॉडीतून वीज जातच नाही. तिथं प्रत्येक वस्तूची निगेटिव्ह वायर वेगळी आणून एका पितळी पट्टीवर जोडावी लागते. मोटरसायकलवर शिकलेल्या पोरांना ही गोष्ट खरी वाटत नाही.

इंजिन रबरच्या बुशांवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात विणलेल्या तांब्याची जाड पट्टी लागते. एकदा आम्ही इंजिन माउंटचा रंग करून परत बसवलं आणि ती पट्टी जोडायची राहिली. सेल मारला, पंखा रेंगाळत अर्धा फेरा फिरला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा जळका वास आला. मित्र म्हणाला, "थ्रॉटल जड लागतोय." मी केबलला हात लावला आणि चटकन काढला. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर हवे होते, पट्टी नव्हती, म्हणून करंटनं परतीची दुसरी वाट शोधली: थ्रॉटल आणि चोकच्या केबलींची पोलादी आवरणं. आतलं प्लास्टिक वितळून थ्रॉटल निम्म्यावर अडकला होता. जमिनीवर होतो म्हणून केबलींच्या पैशांवर भागलं.

तेव्हापासून सेल्फ सुस्त वाटला की पहिलं माप इंजिनच्या ओतीव भागापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, सेल मारताना. आणि सेल दुसऱ्यांदा मारण्याआधी केबलींना हात लावून बघायचा.

अर्थिंगच्या दोषाची एक खूण मीटरशिवायही कळते. एक वस्तू चालू केली की तिच्याशी संबंध नसलेली दुसरी काहीतरी करते. दिवा लावला की तेलाच्या तापमानाचा काटा हलतो. फ्लॅपची मोटर फिरली की पेट्रोलचा काटा डोलतो. तेल काही दिवा लावल्यानं तापत नाही. दोघांची परतीची वाट एकच आहे आणि ती अरुंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर बदलायला धावू नका.

चार्जिंग होत नसेल तर

छोट्या विमानांत रोटॅक्स ९१२ पुष्कळ दिसतं, म्हणून त्याचंच सांगतो. त्याच्या आतला जनरेटर कायम चुंबकाचा, भरवेगात सुमारे २५० वॅटचा. म्हणजे १८ अँपिअरच्या आसपास, आणि तेही आयडलला नाही. इंजिन संथ असताना अँपिअरमीटर उणे दाखवत असेल तर तो दोष नाही. वेग वाढवून बघा. ३००० फेऱ्यांच्या पुढं बसबारवर १३.८ ते १४.२ दिसलं पाहिजे.

ही मापं घेताना मीटर कॉकपिटमध्ये आणि लांब वायरी पक्क्या बांधून आणलेल्या. चालत्या पंख्यामागं वाकून टोकणी धरणारा माणूस मला शेडमध्ये नको.

व्होल्ट चढत नसतील तर क्रमानं जा. पहिलं, रेग्युलेटरच्या (जनरेटरचे व्होल्ट ताब्यात ठेवणाऱ्या डब्याच्या) ‘सी’ टर्मिनलवर मास्टर चालू असताना बॅटरीचे व्होल्ट येतात का. या वायरीनं रेग्युलेटर बॅटरीकडे बघतो. ती सुटली की काम बिघडतं, आणि ती सुटते फार वेळा. दुसरं, बी प्लसच्या, म्हणजे रेग्युलेटरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या, वाटेवरचा फ्यूज. तिसरं, रेग्युलेटरच्या धातूच्या बॉडीचं अर्थिंग. चौथं, इंजिन बंद करून जनरेटरच्या दोन पिवळ्या वायरी सोडवा: त्यांच्या आपसात कंटिन्यूटी हवी, इंजिनच्या बॉडीशी मुळीच नको. एवढं सगळं ठीक असेल तरच रेग्युलेटरवर संशय घ्या.

रेग्युलेटरच्या सोबत २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. बॅटरी वाटेत सुटली तर व्होल्टेज सांभाळायला तोच उरतो. त्याचे स्क्रू कंपनानं सैल होतात, तेही बघा.

आणि सोलापूरचा उन्हाळा. रेग्युलेटरच्या आसपासचं तापमान ८० अंशांच्या वर जाऊ नये असं इंजिन बनवणारेच सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४२-४३ असतं. त्यात इंजिनची उष्णता मिळवा. सकाळी सातला नीट चार्ज करणारा रेग्युलेटर दुपारी एकला थकला, की लोक वायरिंग उचकतात. बॉडीवर तापमानाचं स्टिकर चिकटवा, उडून आल्यावर रंग बघा. जास्त असेल तर जागा बदला किंवा बाहेरच्या हवेची नळी त्याच्यावर सोडा.

गाडीसारखा अल्टरनेटर असलेल्या इंजिनला वेगळी, सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद, मास्टर आणि अल्टरनेटरचा स्विच चालू, आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. आतलं फील्ड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, चालू असेल तर स्क्रूड्रायव्हर ओढला जातो. ओढ नसेल तर फील्डची वायर, ब्रेकर किंवा रेग्युलेटर यांपैकी एक गेलेला आहे.

उलटा दोषही असतो. १५ च्या पुढं व्होल्ट गेले तर ताबडतोब चार्जिंग बंद करा. बॅटरी उकळते, रेडिओ जळतो. आपोआप तोडणारं संरक्षण बसवलेलं नसेल तर बसवा.

फ्यूज उडतो तेव्हा

फ्यूज वस्तूसाठी नसतो, वायरीसाठी असतो. अमेरिकन गेजच्या २२ नंबर वायरीला ५ अँपिअर, २० ला साडेसात, १८ ला १० असा साधा हिशोब ठेवा. दुकानातलं ‘गेज’ ब्रिटिश असू शकतं आणि दोन्हींची जाडी वेगळी, म्हणून चौरस मिलिमीटर विचारा: २२ म्हणजे ०.३३, २० म्हणजे ०.५२, १८ म्हणजे ०.८२. उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे वायरीलाच फ्यूज करणं. आणि गाडीची पीव्हीसी वायर विमानात नको. ती जळली की बंद कॉकपिटमध्ये विषारी धूर होतो. टेफझेलची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या आवरणाची, वायर महाग आहे, पण तिथं घासाघीस नको.

शॉर्ट शोधायला फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी तोच टेस्ट लॅम्प लावा आणि वस्तूची वायर वस्तूपासून सोडवा. बल्ब भगभगीत पेटला तर वायर कुठंतरी बॉडीला लागली आहे. मग वायरीचा जुडगा एकेक वीत हलवत जा. बल्ब विझला तिथं थांबा. बहुधा पत्र्याच्या भोकातून वायर गेलेली असते आणि भोकातला रबरी वॉशर निसटलेला असतो.

कधी लागतो, कधी नाही

सगळ्यात चिडचिड करणारा प्रकार. इंजिन तापलं की रेडिओ बंद, थंड झालं की चालू. इथं मीटर धरून वाट बघण्यात अर्थ नाही, दोषाला डिवचावं लागतं. वस्तू चालू ठेवा, प्रत्येक कनेक्टर हलकेच हलवा, लगजवळ वायर वाकवा, संशयित भागावर हेअर ड्रायर फिरवा. क्रिंप, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेलं टोक, ओढून बघा. बोटांच्या ओढीनं निघणारी क्रिंप कधीच क्रिंप नव्हती, पक्कडीनं चेपलेली होती. डाग देऊन केलेले जोडही बघा: शिसं वायरीत जिथवर चढतं तिथं ती कडक होते, आणि कंपनानं बरोबर त्या सीमेवर तुटते. वरून श्रिंक स्लीव्ह असल्यानं दिसतही नाही.

हेडसेटमध्ये इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर ती चार्जिंगची. चार्जिंगचा स्विच क्षणभर बंद केल्यावर गेली की खात्री. टकटक आवाज येत असेल तर इग्निशनकडे बघा, त्याच्या वायरीच्या जाळीचं अर्थिंग सुटलेलं असतं. हेडसेटचे जॅक धातूच्या पॅनलला थेट टेकलेले नसावेत, फायबरचे वॉशर घालून वेगळे करा. बरीचशी गुणगुण तिथंच थांबते.

हवेत असताना

हवेत दोष शोधायचा नसतो. विमान सांभाळायचं. धूर किंवा जळका वास आला तर मास्टर बंद. साधं रोटॅक्स किंवा मॅग्नेटोचं इंजिन त्यानं थांबत नाही. पण तुमचं इंजिन इंधन इंजेक्शनचं किंवा इलेक्ट्रिक पंपावर चालणारं असेल तर ते थांबू शकतं, म्हणून हे जमिनीवर असतानाच पक्कं ठाऊक हवं. उडालेला ब्रेकर, त्या वस्तूवाचून अडणार नसेल तर, दाबूच नका. चार्जिंग गेलं तर नको ते सगळं बंद करून उतरा. १८ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ६ अँपिअर लोड म्हणजे कागदावर तीन तास. जुनी बॅटरी आणि मेचं ऊन धरून मी एक तासच मोजतो.

दुरुस्तीनंतर

सापडलेला दोष दुरुस्त झाला की तेच माप त्याच जागी पुन्हा घ्या. काढलेली सेल्फची कंट्रोल वायर परत जोडा, कपॅसिटरचे स्क्रू बघा, हत्यारं मोजा. मग जमिनीवर इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून सगळं लोड एकदम लावा आणि बसबारचे व्होल्ट लिहून ठेवा. निरोगी विमानाचे आकडे वहीत असले की पुढच्या वेळी तुलना करायला काहीतरी असतं. अधिकृत नोंद लॉगबुकात, पण ही साधी वहीही ठेवा. आमच्या वहीत मित्राच्या हातची एक नोंद अशी आहे: "लँडिंग लाइट मंद. जायची वाट ०.२, यायची १.४. लगखाली रंग. घासून आवळलं, आता ०.०५. जुना बल्ब, स्विच, रिले, बॅटरी चारही चांगले, फळीवर ठेवले."